झालं, झालं

मोंतेर्रे

प्रिय रेफुहिओ मावशी,

कारखान्याची नवी शेड उभी राहिली, दोनशे माणसं घेतली, तेव्हा तुझ्या लेकीला, नेरेइदाला मीच तिथे चिकटवलं. ती ट्रान्सफॉर्मरला चाचणीच्या वायरी जोडायची, मी वीज सोडायचो. इशाऱ्याचा दिवा अजून बसायचा होता, म्हणून ओरडून विचारायचो. त्या मंगळवारीही विचारलं.

“राणीसाहेब, झालं का?”

“झालं, झालं! जीव खाऊ नकोस!”

घरी जेवायला हाक मारली की ती हेच म्हणायची, आणि टॉर्टिया गार होईपर्यंत आपण थांबायचो. मी थांबलो नाही. बटण दाबलं.

चूक तिचीच होती, असं लिहिलेल्या कागदावर नोकरी टिकवण्यासाठी मी सही केली. ती शेवटचं काय बोलली, हे तू दर रविवारी विचारतेस. मी सांगतो, काहीच नाही.

तुझा,
एलेउतेरिओ