फोटोतल्या बाई तिसऱ्या रांगेत

४ नोव्हेंबर, सोमवार

गेल्या! रेडिओवरच्या बातम्यांच्या बाई गेल्या.

वाचनालयाचं कुलूप काढत होते, तोच शिपाईमामा धापा टाकत आले. "बाई, रेडिओवर त्यांच्याच जाण्याची बातमी! आणि वाचली कोणी? कुठल्याशा नवशिक्याने. तीही अडखळत!" मामांना जास्त दुःख कशाचं — जाण्याचं की अडखळण्याचं — ते कळेना.

आत जाऊन कपाटामागे थोडं रडून घेतलं. जिला कधी पाहिलं नाही तिच्यासाठी रडायचं म्हणजे कमालच. मग तोंड धुतलं, कारण वाचनालयाच्या अध्यक्षांचा फोन येणार हे ठरलेलं. आलाच.

"शोकसभा. रविवारी संध्याकाळी. आपला वरचा हॉल. प्रमुख वक्ता मी."

५ नोव्हेंबर, मंगळवार

शहरात कोणी मोठं माणूस गेलं की सभा आमच्याच हॉलमध्ये. भाषण आमच्याच अध्यक्षांचं. आणि विषय कायम एकच — अध्यक्ष! पैलवान गेले तेव्हा म्हणाले, "त्यांनी एकदा माझा हात हातात घेतला होता. बोटं आठवडाभर सुजली होती. ती सूज मी प्रसाद म्हणून जपली." तारे बघणारे शास्त्रज्ञ गेले तेव्हा, "एवढा थोर माणूस, पण वेळ विचारली ती मलाच!"

आज सांगायला लागले, "बातम्यांच्या बाईंचे आणि माझे घरोब्याचे संबंध होते."

"ते कसे, साहेब?"

"आमच्या घरी रोज रेडिओ लागायचा."

मी धीर करून म्हटलं, मलाही पाच मिनिटं बोलायचंय. अध्यक्ष फार मायेने म्हणाले, "बाई, तुम्ही आभार माना. आभार फार महत्त्वाचे."

"शोकसभेत आभार कोणाचे मानायचे?"

"खुर्च्यावाल्याचे!"

रात्री जेवताना ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मेल्या म्हशीला मणभर दूध — पण तुमच्या अध्यक्षांचं वेगळं. म्हैस मेली की दूध ह्यांच्याच चरवीत." हसता हसता ठसका लागला. पण मला बोलायचंच आहे.

६ नोव्हेंबर, बुधवार

नवीच पंचाईत. फोटो नाही!

बाईंनी जन्मात फोटो छापू दिला नाही. रेडिओ केंद्रावर विचारलं तर म्हणे, "आमच्याकडे आवाज आहे, पाठवू का?" वर्तमानपत्रांनी बातमीसोबत मायक्रोफोनचं चित्र छापलंय. नातेवाईक परदेशी, फोन लागत नाही. मी सुचवलं, टेबलावर नुसता रेडिओ ठेवू. अध्यक्ष उसळले. "फुलं काय रेडिओला वाहायची? लोक म्हणतील रेडिओ वारला!"

८ नोव्हेंबर, शुक्रवार

फोटो मिळाला. अध्यक्षांची छाती दोन वीत पुढे. चौकातले फोटो स्टुडिओवाले काका अध्यक्षांचे वर्गमित्र. त्यांनी माळ्यावरच्या जुन्या पाकिटांतून शोधून काढला. पाकिटावर त्यांच्याच अक्षरात 'रेडिओच्या बाई' असं लिहिलेलं. आणखी काय पुरावा हवा!

मोठा करून चौकटीत घालून आणला. सावळा, रुंद चेहरा. जाड भिंगांचा चष्मा, हनुवटीवर टपोरा तीळ. डोळ्यांत जरा मिश्कीलपणा. मी खूप वेळ बघत बसले. मनात मी त्यांना उंच, गोऱ्या, लांब मानेच्या केलं होतं. का कोण जाणे! आवाजावरून आपण माणसाला मान सुद्धा देऊन टाकतो.

"अगदी अश्शाच होत्या," अध्यक्ष म्हणाले.

९ नोव्हेंबर, शनिवार

आरशासमोर आभार म्हणून पाहिले. खुर्च्यावाल्याचे. लाज वाटली.

१० नोव्हेंबर, रविवार

आजचं आजच लिहिते.

हॉल गच्च भरला. मंचावर फोटो, भोवती पांढरी फुलं. अध्यक्ष उठले. सुरुवात घरोब्याने, मग स्वतःचं बालपण, मग स्वतःच्या खोकल्यावर घेतलेले उपचार. शेवटी आवाज भरून आणून म्हणाले, "आज त्या आपल्यात नाहीत..." आणि थांबले.

मला वाटलं, नेहमीची थांबण्याची जागा. पण तोंड उघडंच राहिलं. मी त्यांच्या नजरेच्या रोखाने पाहिलं.

तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, त्या बसल्या होत्या! तोच रुंद चेहरा. केस पांढरे, पण तोच चष्मा, तोच तीळ. चष्मा काढून पदराने पुसला, परत घातला आणि मंचावरच्या फोटोकडे डोळे बारीक करून बघू लागल्या.

शेजारचे गृहस्थ एकदा फोटो बघतात, एकदा बाई. मग अलगद उठून दोन खुर्च्या पलीकडे जाऊन बसले. कुजबुज सुरू. शिपाईमामांच्या हातातला तांब्या खाली पडला. स्टुडिओवाले काका दाराकडे सरकू लागले.

"...म्हणजे देहाने नाहीत," अध्यक्ष म्हणाले.

"आहे की हो!" बाई मोठ्याने म्हणाल्या. "हा माझा फोटो तिथे कशाला?"

पुढचा गोंधळ काय लिहू! थोडक्यात असं निघालं — ह्या बाईंचं मंडईमागे रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानाच्या परवान्यासाठी तरुणपणी फोटो काढलेला. स्टुडिओवाल्यांच्या लेखी त्याच 'रेडिओच्या बाई'. खोटं काहीच नव्हतं, फक्त बाई चुकल्या होत्या. आणि आज त्या सभेला आल्या होत्या बातम्यांच्या बाईंसाठीच. हॉलमधल्या सगळ्यांसारख्या.

लोकांना हसावं की रडावं कळेना. एकजण हसला आणि त्याने खोकल्याचं सोंग केलं. मग अख्खा हॉल खोकायला लागला. अध्यक्ष घामाघूम. माइक माझ्या हातात कोंबला आणि पुटपुटले, "बाई, बोला काहीतरी! सावरा!"

मला काही पाठ केलेलं आठवेना. खुर्च्यावाला सुद्धा आठवेना. जे तोंडात आलं ते बोलले.

मी म्हटलं, मी लहान असताना आमच्या घरात आई आणि बाबा एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण कशाचं, मला आजही माहीत नाही. निरोप माझ्यामार्फत. 'बाबांना सांग पाणी तापलंय.' 'आईला सांग ऐकू आलं.' संध्याकाळी जेवताना मात्र बातम्या लागायच्या. तेवढाच घरात मोठ्या माणसाचा आवाज. त्या 'नमस्कार' म्हणायच्या आणि आई ताटं घ्यायची. मला वाटायचं ह्या आमच्याच घरात राहतात, फक्त जेवायला बसत नाहीत. एके दिवशी बातम्या वाचता वाचता बाईंना खोकला आला. थांबल्या. "माफ करा," म्हणाल्या. पुन्हा खोकला. तेव्हा बाबा ताटातून मान वर न करता म्हणाले, "घसा बसलाय त्यांचा." आई म्हणाली, "गरम पाणी प्यावं त्यांनी." बाबा म्हणाले, "रात्रीची जागरणं असतील." आई म्हणाली, "हो ना, घरी कोण बघतं त्यांच्याकडे!" मी घास हातात धरून बसले होते. दोघं एकमेकांशी बोलत होते! दुसऱ्या दिवशी बाई ठणठणीत होत्या, पण आमच्या घरात बोलणं चालूच राहिलं. बाईंना हे कधी कळलं नाही. मी कळवायला हवं होतं असं आता वाटतं.

एवढंच. खोकला कुठच्या कुठे गेला.

मग तिसऱ्या रांगेतल्या बाई उठल्या. माइक मागितला नाही. म्हणाल्या, "मी दुरुस्त केलेला प्रत्येक रेडिओ संध्याकाळच्या बातम्यांवर लावून बघायची. त्यांचा आवाज नीट आला की म्हणायचं — झालं काम. बिचाऱ्या किती वर्षं माझ्याकडे कामाला होत्या, पगार काही दिला नाही!"

तेव्हा मात्र सगळे उघड हसले. फोटोतल्या सुद्धा हसल्यासारख्या दिसल्या. आणि मग एकेक जण उठायला लागला. कोणाची म्हातारी त्यांच्या 'नमस्कार'ला उलट नमस्कार करायची. कोणाचं पोर त्यांच्या आवाजाशिवाय झोपायचं नाही. हॉल बंद करायची वेळ टळून गेली.

आभार राहिलेच.

११ नोव्हेंबर, सोमवार

दुरुस्तीवाल्या बाई सकाळीच हजर. "फोटो नेऊ का? इतका मोठा माझा कोणी काढला नव्हता." फुलांसकट नेला! जाताना म्हणाल्या, "दहा मिनिटं का होईना, लोक माझ्यासाठी हळहळले. आवडलं हो मला."

अध्यक्ष आले नाहीत.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आजही नाहीत. शिपाईमामा म्हणतात, तोंड दाखवायला लाजत असतील. हे म्हणतात, "लाज? त्यांना?" मी हसले, पण मन लागलं नाही. पुस्तकं उलटीच लावली.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

अध्यक्ष आले. वाळलेत. खुर्चीवर न बसता माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसले.

"परवा ऑपरेशन आहे. पोटाचं. डॉक्टर नीट काही बोलत नाहीत." मग टेबलावरची टाचणी उचलून म्हणाले, "बाई, वेळ आली तर माझ्या सभेत तुम्ही बोलाल? तुम्ही छान बोललात त्या दिवशी. माझ्याबद्दल बोलणारं दुसरं कोणी नाही. म्हणून तर सगळीकडे मीच बोलून घेतो."

मी म्हटलं, तेव्हा कशाला, आत्ताच सांगते. सनईवाले गेले त्या सभेला चारच माणसं होती, आठवतं? त्यातल्या एक त्यांच्या पत्नी. तुम्ही हॉल भरलाय असं समजून घसा फोडून बोललात. छत गळलं तेव्हा पुस्तकांवर छत्री धरून तुम्हीच उभे होतात, भिजत.

"तुम्ही पाहिलंत ते?" म्हणाले. डोळे भरले. उठायला लागले.

"बसा साहेब," मी म्हटलं. "अजून माझं संपलं नाही."

बसले.