पाटी उतरवायची नाही

मी, सुलेखा नागेश सातपुते, वय वर्षे एकाहत्तर, माहेर आणि सासर दोन्ही कोल्हापूर, सध्या मुक्काम रेगेन्सबर्गजवळचं गाव, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून, राजीखुशीने लिहिते. माझं डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने येऊन माझ्याशी दोन शब्द बोलून पाहावेत. दबाव आणायला मुलगा म्युनिकहून येऊन गेला होता. त्याला थालीपीठ खाऊ घालून परत पाठवला.

नोटार, म्हणजे इथला नोटरी, म्हणाला, सगळं स्वतःच्या हाताने लिहिलंत तर भाषा कुठलीही चालेल. म्हणून मराठीत लिहिते. कोर्टाने दुभाष्या शोधावा. त्या दुभाष्याला आधीच बजावते: मी जिथे 'धंदा' लिहिलं आहे तिथे 'हॉबी' लिहायचं नाही. तो शब्द जिवंतपणी पुष्कळ ऐकला, मेल्यावर ऐकून घेणार नाही.

कलम पहिले. घर, घरामागच्या जुन्या गोठ्यातलं माझं वर्कशॉप आणि त्यातली हत्यारं, म्हणजे चामडं कापायची रापी, टोचायच्या आऱ्या, ठोकायच्या मोगऱ्या, शिवणयंत्र आणि बूट ज्यांवर चढवतात ते सगळे लाकडी फर्मे, हे माझी नात उर्जा हिला द्यावं.

रापीबद्दल थोडं लिहायला हवं. आमच्या घरी चामडं पुरुष कापायचे आणि बायका चपलेची वेणी घालायच्या. लग्न ठरल्यावर वडिलांनी विचारलं, "काय हवं तुला?" मी म्हटलं, "रापी." ते म्हणाले, "पोरीला रापी कशाला गं?" मी मागणी काही मागे घेतली नाही. शेवटी त्यांनी स्वतः धार लावून, फडक्यात गुंडाळून दिली. तीच रापी घेऊन मी नागेशबरोबर जर्मनीला आले. तो मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर, आणि मी घरात बसून वैतागलेली. गावात गेरलिंडेचा तबेला होता. घोडे, गाई, काऊबॉयसारखी मोठी खोगिरं, डोक्यावर हॅट. पहिल्यांदा वाटलं बाईला वेड लागलंय. पण ती त्याच घोड्यावरून खरोखरची गुरं वळायची. एकदा तिच्या खोगिराचा पट्टा तुटला, तो मी शिवून दिला. मग तिचा एक जुना बूट टाका-टाका उसवून पाहिला आणि तसाच नवा करायला बसले. पहिला जोड इतका भिकार झाला की घोडासुद्धा हसला असेल! आज या भागातले निम्मे स्वार माझ्या बुटांत पाय घालून रिकिबीत उभे राहतात.

दारावरची पाटी नागेशने हयात असताना रंगवली: 'सातपुते, चर्मकार. कोल्हापूर आणि रेगेन्सबर्ग.' मराठीतही आणि जर्मनमध्येही. मुलगा उत्कर्ष मला म्हणाला, "आई, नुसतं सातपुते राहू दे ना. म्युनिकची आपली माणसं येतात, काय म्हणतील?" काय म्हणतील ते म्हणू देत. उर्जाने हा धंदा करावा अशी माझी अट नाही, तिचं शिक्षण तिने करावं. वर्कशॉप विकायची वेळ आली तर खुशाल विकावं. मात्र पाटी उतरवायची नाही, आणि जागा विकलीच तर उर्जा जिथे राहील तिथल्या दारावर ती लावायची. एवढी एकच अट.

कलम दुसरे. माझा खिशातला घडीचा चाकू या मृत्युपत्रात धरू नये. तो मी उर्जाला आधीच विकला आहे, एका सेंटला. इथे चाकू फुकट दिला तर माया तुटते म्हणतात. गेरलिंडेने तो मला दिला तेव्हा माझ्याकडूनही एक सेंट घेतलाच होता.

कलम तिसरे. व्याही वासुदेवराव यांस माझ्या हातचा एक कमरेचा पट्टा द्यावा. कारण सांगते. म्युनिकला उत्कर्षच्या नव्या घराची वास्तुशांत होती. दाराबाहेर चपला-बुटांचा ढीग, आणि त्यात मी उत्कर्षला करून दिलेले बूट. वासुदेवरावांनी त्यातला एक हातात घेऊन कौतुकाने विचारलं, "झकास आहेत हो, कुठून घेतलेत?"

उत्कर्ष माझ्यासमोर म्हणाला, "ऑनलाइन मागवलेत, बाबा."

तेवढ्यात त्याची लेक उर्जा म्हणाली, "श्टिम्ट निश्ट! दी हाट आजी गेमाख्ट." म्हणजे, खोटं, ते आजीने केलेत.

वासुदेवरावांनी बूट खाली ठेवला आणि ते हात धुवायला गेले. उत्कर्षने ते पाहिलं आणि तो पूजेला जाऊन बसला. मी प्रसादाला थांबले नाही. ते बूट मी पिशवीत घातले आणि घरी आले. वासुदेवराव, तुमच्या कमरेला रोज असतो तो पट्टाही चामड्याचाच आहे हो. किती वेळा हात धुणार?

कलम चौथे. उत्कर्षचा कायद्याने ठरलेला वाटा त्याला मिळेलच. तो मी अडवू शकत नाही आणि अडवणारही नाही. बँकेतली उरलेली ठेव मात्र अटीवर आहे.

मला इथेच अग्नी द्यावा. इथल्या दाहिनीत पायात बूट चालत नाहीत म्हणे, तेव्हा माझा जोड वर्कशॉपच्या टेबलावर ठेवावा. नंतर सगळ्यांनी वर्कशॉपमध्ये जमावं. त्या दिवशी कुणीही चपला-बूट दाराबाहेर काढायचे नाहीत. पायात घालूनच आत यायचं, वासुदेवरावांनीसुद्धा. आणि उत्कर्षने तो परत आणलेला जोड घालून यायचं. त्याला मी नवे तळ ठोकून ठेवलेत. सगळ्यांसमोर त्याने एवढंच म्हणायचं: "हे माझ्या आईने केलेत. आमचा हाच धंदा." गेरलिंडेला मराठी येत नाही, म्हणून जर्मनमध्येही म्हणायचं. म्हणाला तर ठेव त्याची. नाही म्हणाला तर ती तबेल्यातल्या म्हाताऱ्या घोड्यांच्या चाऱ्याला जावी. त्यांनी माझं काम कधी लपवलं नाही.

उत्कर्ष, मी रागावलेली आहे आणि राग घेऊनच जाणार. पण तू यावंस असं मला फार वाटतं रे.

स्थळ: रेगेन्सबर्गजवळ, वर्कशॉपमध्ये
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४
सही: सुलेखा नागेश सातपुते

इथे साक्षीदार लागत नाहीत, पण आमच्याकडे लागतात:
१. गेरलिंडे ब्रुनर, तबेलेवाली
२. शिवांगी, विद्यापीठातली विद्यार्थिनी. हिने गेरलिंडेला हे सगळं जर्मनमध्ये वाचून दाखवलं

ता. क. उत्कर्षच्या पायाचे फर्मे खिडकीखालच्या फळीवर आहेत. त्याचा उजवा पाय डाव्यापेक्षा मोठा आहे, अगदी जन्मापासून. दुकानातला किंवा ऑनलाइन मागवलेला एकही जोड त्याला आजवर नीट बसलेला नाही. हे सहीखाली लिहिलं, म्हणून पुन्हा सही करते.

सुलेखा नागेश सातपुते