टाळूचा वास

अनसिंग,
ता. ७ जानेवारी १९७९

चि. जगदेवभाऊजी यांस अंजनावहिनीचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद. वि. वि.

केनवडहून, माझ्या माहेराहून, दोन महिन्यांच्या लेकीला घेऊन मी घरी परत आले. तुमचे दादा पाळणा सोडायला तयार नाहीत. तुम्ही मात्र नागपुरात उंदरांच्या नाकांचे काप काढत बसलात, पुतणीचं तोंड पाहायला फुरसत नाही!

भाऊजी, मन भरून आलं म्हणून तुम्हालाच लिहिते. लेकरू घरात आलं की आजीनं टाळूवर तेल घालून माथा हुंगायचा, ही आपल्या घरची रीत. आईंनी हौसेनं तेल घातलं, टाळूला नाक लावलं आणि एकदम तोंड फिरवून पोरगी माझ्या ओटीत टाकली. तेव्हापासून तिला हात लावत नाहीत. वर माझी भाजी करपली म्हणतात, चहा करपला म्हणतात. पोळ्याच्या सुमारास आलेल्या तापानं त्यांचा वास गेला हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. मग माझंच रांधलेलं कसं करपतं? मुलगी झाली, दुसरं काय! माझ्या लेकीनं काय घोडं मारलं होतं? तुमच्या दादांना कळवू नका, उगाच मायलेकांत भांडण.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची वहिनी,
अंजना


नागपूर,
ता. १३ जानेवारी १९७९

ती. सौ. वहिनींस जगदेवचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र वाचून आधी वाईट वाटलं आणि मग मी चक्क उडालोच. वहिनी, आईला करपल्याचा का होईना, पण वास येतो आहे!

मज्जापेशी एकदा मेली की पुन्हा येत नाही, असं आम्ही घोकून पाठ केलेलं. आता परदेशी मासिकांत येऊन राहिलंय की नाकातल्या पेशी त्याला अपवाद आहेत. उंदरांची वासाची नस कापली, जुन्या पेशी मेल्या, तरी तळच्या थरातून नव्या पेशी फुटव्यासारख्या वर आल्या आणि त्यांचे धागे मेंदूपर्यंत पोचले. हे धागे सुरुवातीला चुकीच्या जागी जोडले जात असावेत, म्हणून भलताच वास येत असावा, असा आमच्या सरांचा अंदाज आहे. माणसात काय होतं, किती दिवस लागतात, ते मला ठाऊक नाही. खोटा धीर देत नाही.

आईला जवळ बसवून विचारा, टाळूला कसला वास आला. आणि हुंगणं सोडू नको म्हणावं. तुमचा चहा मी प्यायलो आहे. तो करपत नाही, नुसता पाणचट असतो.

पुतणीला माझा पापा. रागावलात तरी पत्र बंद करू नये.

आपला,
जगदेव


अनसिंग,
ता. २ मार्च १९७९

चि. जगदेवभाऊजी यांस जयभीम, अ. आ. वि. वि.

विचारलं. आई पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ रडल्या. म्हणाल्या, पोरीच्या टाळूले जळक्या चिंधीचा वास येते, हे म्या कोन्या तोंडानं सांगू? लेकरात काही खोट हाय असं वाटलं अन् तू ओली बाळंतीण, जिवाले लावून घेशीन म्हून गप राह्यली. आणि मी वेडी त्यांच्यावर काय काय आळ घेत होते! मग मीही त्यांच्या गळ्यात पडून रडले.

तुमचं पत्र त्यांना दोनदा वाचून दाखवलं. त्या दिवसापासून सकाळी तेल घालून टाळू हुंगतात. पहिले काही दिवस तोंड वाकडं व्हायचं, पण पोरगी सोडली नाही. आता पोरगी त्यांच्याच मांडीवर असते, मला नुसती दूध पाजायला मिळते.

परवा चहाला चहाचा वास आला. तुमच्या दादांनी गूळ वाटला. आई मात्र उदास होऊन बसल्या. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, आता हिचाबी वास बदलन. मले त माही नात जळक्या चिंधीच्या वासानंच ओयखू येते, तोच गोड लागून राह्यला. तो गेला त म्या हिले कशी ओयखू? जगदेवले इचार.

लवकर या भाऊजी. उत्तर त्यांना तुम्हीच जवळ बसून द्या.

तुमची वहिनी,
अंजना