पुस्तकात नसलेली वाक्यं

३ फेब्रुवारी
समाजशास्त्र, धडा ४ कयलसाठी वाचून रेकॉर्ड केला, पुरा. बेचाळीस मिनिटं. मध्येच कुकरची शिट्टी झाली, तेवढा भाग पुन्हा वाचला. कयल म्हणते, शिट्टी राहू द्या अम्मा, कंटाळा येत नाही. ऐकलं नाही.

हे वर्तमानपत्रामागून: "ट्रंक कॉल लागला का?" जन्म टेलिफोन खात्यात गेला, तो आवाज काही जात नाही. फोनवर रेकॉर्ड करायला बसले की "लाइनवर राहा" हाच सूर. कयलला आवडतो. म्हणाली, तुम्ही एक अक्षर गिळत नाही.

९ फेब्रुवारी
कयल चोळपुरमहून आली. एकटी, बसने. चपला दाराशी सरळ लावल्या. बी.ए.चं शेवटचं वर्ष. जन्मापासून दिसत नाही आणि पुरं नाव कयलविळी, म्हणजे तमिळमध्ये माशासारख्या डोळ्यांची. स्वतःच सांगून हसते. "अप्पांनी नाव ठेवायची घाई केली."

विचारलं, पुढे बी.एड.च का, तेही विशेष शिक्षणाचं? बाप मिनीबस चालवतो. त्याचं म्हणणं, बँकेची परीक्षा दे, राखीव जागा आहे. सल्ला वाईट नाही. मीही तोच दिला असता.

म्हणाली, गल्लीत गोमती आहे, सात वर्षांची. तिलाही दिसत नाही. आई कामाला गेली की दिवसभर ओसरीवर बसून रस्त्यावरच्या बस मोजते. "मला नवव्या वर्षी शाळेत घातलं, अम्मा. तोवर मीही बस मोजल्या. कोणी घरी येऊन आईबापाशी बोलायला हवं, आणि नंतर रोज शिकवायला हवं. नुसतं बोलून मी काय करू? शिकवायचं कसं ते मला आधी शिकायला पाहिजे."

समाजसेवा हा शब्द एकदाही वापरला नाही. बरं वाटलं. उपमा दिला. दोनदा घेतला.

२१ फेब्रुवारी
धडा ७, कुटुंबसंस्था. लेखकाने डोकं फिरवलं. वाचला आणि लगेच पाठवून दिला. पुन्हा ऐकला नाही.
दुपारभर बनुआत्या डोक्यात.

१४ मार्च
परीक्षेला लेखनिक हवा. ती सांगणार, त्याने लिहायचं. म्हटलं, मी आहे की. कॉलेजातून निरोप आला, लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला असावा लागतो, अम्मांकडे डिग्री आहे, चालणार नाही. शिक्षण आड यायची ही पहिलीच वेळ. हे दिवसभर खूश.

अकरावीतली एक मुलगी मिळाली. अक्षर पाहिलं. टिंबं द्यायला विसरते. समोर बसवून दोन पानं लिहून घेतली.

२८ एप्रिल
समाजशास्त्राचा पेपर झाला. संध्याकाळी कयलचा फोन. पंधरा गुणांचा प्रश्न: एकत्र कुटुंबात दुर्बळांचा सांभाळ, चर्चा करा. म्हटलं, धडा ७. सोपा.

"हो अम्मा. लेखकाचं म्हणणं खोटं आहे असं लिहिलं. वाती वळणाऱ्या आत्याबाईंचं उदाहरण दिलं."

बरं, म्हणून फोन ठेवला.

धडा ७ काढून ऐकला. एकोणिसाव्या मिनिटाला लेखक म्हणतो, एकत्र कुटुंबात अपंगांचा सांभाळ आपोआप होतो. त्याला लागूनच, त्याच सुरात, मी: "खोटं आहे हे. आमच्या बनुआत्येला ऐकू येत नव्हतं. चाळीस वर्षं मागच्या ओसरीवर बसून देवळासाठी वाती वळल्या. पाहुणे आले की दार ओढून घ्यायचे. मी धाकटी, म्हणून दार ओढायचं काम माझं. ह्याला सांभाळ म्हणत नाहीत, लपवणं म्हणतात." लगेच पुढचा परिच्छेद सुरू.

आणि हे सगळं तमिळमध्ये. घरातलं दुखणं मी कधी तमिळमध्ये बोलले नाही. आपलं मराठी घरात, तमिळ उंबऱ्याबाहेर. त्या दिवशी मराठीत पुटपुटले असते तर कयलला कळलंच नसतं.

डोळस मुलगी पान उलटून खात्री करेल. ही कुठे पाहणार?

२९ एप्रिल
सगळे धडे ऐकायला बसले. एकूण चौदा ठिकाणी मी बोलले आहे. धडा २: "हे वाक्य त्यालाच कळलेलं नाही." धडा ५: "मूर्ख." धडा ९: "छापखान्याची चूक असावी. नसली तर लेखकाची." हे हसून हसून खोकायला लागले. "चौदाच?"

धडा ७ ऐकताना हसले नाहीत.
"मला कधी सांगितलं नाहीस."
"तुम्ही विचारलं नाहीत."

मला हसू येत नाही. बी.एड.ची यादी गुणांवर लागते. पोरीचं वर्ष आहे हे.
तिला सांगायला हवं. आज नाही सांगितलं.

१७ जून
निकाल. बाकी विषय उत्तम. समाजशास्त्र काठावर.
तिने पेढे पाठवले. मी एकही खाल्ला नाही.

१ जुलै
बी.एड.ची यादी. प्रतीक्षायादीत चौथी. त्या पेपरात आणखी थोडे गुण असते तर वरच्या यादीत असती. तीनदा हिशेब केला, तेच येतं.

३ जुलै
चोळपुरमला गेले, तिच्या बापाच्याच मिनीबसमधून. तिकिटाचे पैसे घेईना. शेवटच्या थांब्याला बस लावून तोही घरी आला. कयल पडवीत शेवग्याचा पाला निवडत होती. चहा यायच्या आत बोलून टाकलं. म्हटलं, त्या धड्यात लेखक कुठे संपतो आणि मी कुठे सुरू होते, ते तुला कळायला हवं होतं. कळलं नाही, दोष माझा. तुझे गुण मी घालवले.

पाला निवडणं थांबलं नाही.
"कळलं होतं, अम्मा."
"काय कळलं होतं?"
"लेखकाचं वाचताना तुम्ही ताठ बसता. स्वतःचं बोलताना पुढे वाकता, आवाज फोनजवळ येतो. पहिल्या धड्यापासून ठाऊक आहे."
"मग लिहिलंस कशाला?"
"आधी लेखकाचं लिहिलं. मग तुमच्या आत्याबाईंचं. मग माझं, नऊ वर्षांचं."

रागावले. परीक्षेत शहाणपणा करायचा नसतो, आधी आत शिरायचं, मग बोलायचं, असं बरंच. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग: "धडा ५ मधलं 'मूर्ख' नाही लिहिलं, अम्मा. तेवढा शहाणपणा आहे मला."

बाप मोठ्याने हसला. मग गंभीर झाला. "अम्मा, तुमचं ऐकेल ती. बँकेचा फॉर्म दहा तारखेला बंद होतो. मी गाडीवर असतो तोवर हिची सोबत मी. नंतर कोण?"

मला एका बाजूने बोलता आलं नाही. असं माझं सहसा होत नाही.

८ जुलै
प्रतीक्षेत तिसरी. वरच्या कोणीतरी जागा सोडली.

कयलला फोन केला, म्हटलं बँकेचा फॉर्म भरून ठेव, भरल्याने काही बिघडत नाही. "कालच भरला. अप्पा जेवत नव्हते नीट. पण जागा मिळाली तर बी.एड.च." माझ्यापेक्षा व्यवहारी आहे.

मग म्हणाली, शनिवारी गोमतीच्या घरी जाते आहे, तुम्ही या. मोठं माणूस बरोबर असलं की दार उघडतात. "पण बोलायचं मी, अम्मा. तुम्ही नुसतं बसायचं."
कबूल केलं. हे म्हणाले, "तू? नुसती बसणार?"

१२ जुलै
गोमतीच्या घरी. आईने चटई घातली. कयलने गावाजवळच्या शाळेचं सांगितलं, सोमवारी नाव घालता येईल, पहिले काही दिवस मी बरोबर येते. आई तांदूळ निवडत ऐकत होती. बाई तुटक, पण वाईट नाही.

मग विचारलं, "तू एवढी शिकलीस. नोकरी आहे?"
"नाही, अक्का."
"पुढच्या कॉलेजात जागा?"
"अजून नाही. तिसरी आहे."
"मग हिला कशाला?"

माझ्याकडे पाच उत्तरं तयार होती. जीभ दाताखाली धरून बसले. गोमती कयलच्या बांगड्या चाचपत होती, एकेक करून. कयलने हात तसाच राहू दिला.

मग म्हणाली, "जागा हुकली तर मी रडेन, अक्का. काय हुकलं ते मला कळतं म्हणून. हिला तेवढं तरी मिळू दे."

आईने सूप बाजूला ठेवलं, गोमतीला पुढ्यात ओढून तिची वेणी सोडली आणि पुन्हा घालायला घेतली. आम्ही निघालो तरी घालत होती.

रस्त्यावर कयलने विचारलं, "ठीक बोलले ना?"
"ठीक," म्हटलं.

परवा सोमवार. शाळेच्या फाटकाशी आठला उभं राहायचं आहे, गोमतीची आई आली तर. बी.एड.ची पुढची यादी मंगळवारी.