रेकॉर्डिंगमध्ये न आलेला आवाज

खोडाळा,
१८ जानेवारी २०२६

चि. पंढरी,

ताईचा आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. नागली घरात आली, वालही चांगले लागलेत. तू जेवणाची आबाळ करू नकोस.

बांच्या डोळ्यांचं तुला कळवलं नव्हतं. काचबिंदूने दोन्ही गेले. आता उजेड-अंधार तेवढा कळतो. म्हणून दिवाळीला टीव्हीचा नवा डबा घेतला, रेकॉर्डिंगवाला. त्यात एक सोय आहे. पडद्यावर काय चाललंय ते एक बाई संवादांच्या मधे मधे सांगते. ‘तो उठतो. दार लावतो.’ पहिल्या दिवशी बांनी तिलाच विचारलं, ‘कडी लावली का?’

पण त्यांची मालिका दुपारी लागते. तेव्हा मी अंगणवाडीत आणि बा ढवळूकाकांच्या दुकानात. रेकॉर्ड करून संध्याकाळी लावली, तर बाई गायब! थेट बघताना बोलते, रेकॉर्डिंगमध्ये मुकी. कंपनीत चार फोन केले. एक म्हणाला, आवाज वाढवा. दुसरा म्हणाला, ‘मॅडम, दिसत नसेल तर रेडिओ लावा ना.’

मग मीच सांगत बसायची. गेल्या शनिवारच्या भागात मुलगा बापाशी भांडून एस.टी.त बसला. कोणीच बोलत नव्हतं. बा पुढे झुकले. ‘काय करतो गं?’ माझ्या तोंडून निघालं, ‘उतरला, बा. परत येतोय.’ बांनी डोळे पुसले.

सोमवारी जव्हारच्या दुकानातली रविना डबा बघायला आली. म्हणाली, ‘आवाज आत साठवलेला असतो, ताई. रेकॉर्डिंग लावलं की डबा निवड विसरतो. दर वेळी आवाजाच्या यादीत जाऊन दुसरा निवडायचा.’ बटण दाबलं आणि बाई बोलायला लागली. बा लहान पोरासारखे हसले. म्हणाले, ‘शनिवारचा लाव.’

मला नाही म्हणता आलं नाही.

‘मुलगा खिडकीशी बसतो. मागे वळून बघत नाही. एस.टी. निघते.’

बांनी विचारलं, ‘प्रमिले, ही बाई चुकली का तू?’

‘मी, बा.’ आणि मग दुसरंही सांगून टाकलं.

आय दवाखान्यात होती तेव्हा तुला मी ‘साधा ताप आहे’ म्हटलं. तुझी भरतीची परीक्षा होती. बांना मात्र सांगितलं, सगळं कळवलंय, तो परीक्षा झाल्यावर येतो म्हणाला. मला वाटलं, आय उठेल. तू आलास तेव्हा तिला नेलेलं होतं. ‘आय मेल्यावर येणारा पोरगा मला नको,’ असं बा ओरडले. तू दारात उभा राहून माझ्याकडे बघितलंस आणि काही न बोलता गेलास. तीन वर्षं मीही हे बोलले नाही, पंढरी. फोनवर आजही जमलं नसतं.

बा त्या दिवशी जेवले नाहीत. सकाळी म्हणाले, ‘मी हाकललं तरी त्याने तुझं नाव घेतलं नाही.’ मग म्हणाले, ‘त्याला लिही. म्हणावं, चूक माझी होती, घरी ये.’

आज तिसऱ्यांदा विचारतायत, ठाण्याहून येणारी एस.टी. हल्ली किती वाजता पोचते.

माफ केलंस तर तुझी, आणि नाही केलंस तरी तुझीच,
ताई
प्रमिला