एक दिवसाआड

घोडेगाव,
पौष महिना

प्रिय आरते,

पाकिटावर माझं अक्षर पाहून आधी दचकली असशील, कोण गेलं म्हणून. कुणी गेलेलं नाही. सगळे जागच्या जागी आहेत. सासरे पन्नालालजी खाली दुकानात गादीवर, अरिहंत कापड मोजतोय, सासूबाई खिडकीशी माळ घेऊन बसल्यात आणि मी वर माडीवर साड्यांच्या गठ्ठ्याला टेकून तुला लिहितेय. फोन केला असता गं, पण दुकानाचं छत तीच माझ्या खोलीची जमीन. फळ्याफळ्यांची आहे, आणि मला बोलायचंय पाळीबद्दल. खाली गिऱ्हाईक भाव करत असताना वरून ते ऐकू गेलं, तर सासरे आठवडाभर माझ्याकडे मान वर करून बघायचे नाहीत. शिवाय फोनवर तू मला मधेच हसवतेस आणि सांगायचं ते राहूनच जातं.

कॉलेजात असताना आळ्याहून मी आणि राजुरीहून तू एकाच एसटीत असायचो. मी इतकी बडबडायचे की कंडक्टरने मला एकदा उचलून पुढच्या सीटवर बसवलं होतं. ती बडबडी मुलगी लग्नानंतर दोन-तीन वर्षांत कुठे गेली ते माझं मलाच कळलं नाही. आधी झोप आली. दमल्यावर येते तसली नव्हे. कणीक मळता मळता हात थांबायचे आणि मी नुसती कणकेकडे बघत राहायचे. भीमाशंकरकडून धुकं उतरलं की इथे घोड नदी दिसेनाशी होते, पलीकडचे आवाज तेवढे येत राहतात. माझं दिवसभर तसंच चालायचं. माणसं बोलायची आणि त्यांचं बोलणं माझ्यापर्यंत जरा उशिरा पोचायचं. भर वैशाखात मी अंगावर शाल घेऊन बसायचे. फणी फिरवली की केसांचा पुंजका हातात. आणि गंमत सांगू? मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. त्या धुक्यात आत आत जायला बरं वाटायचं.

पाळीही तशीच आळसावली. दीड महिन्याने, मग दोन, मग कधी तीन महिन्यांनी. आमच्याकडे अजून बाजूला बसतात, तुला माहीतच आहे. चहा माझ्या हातून खाली गेला नाही की दुकानात सगळ्यांना कळतं. म्हणजे मी बाजूला बसले नाही, हेही सगळ्यांना कळायचं. पाळी नाही, सारखी झोप, अंग जड, चेहरा भरलेला. आता घरातल्या बायकांनी याचा काय अर्थ लावावा? भांडी घासायला येणारी लंकाबाई तर हातातला तांब्या खाली ठेवून म्हणाली, "वहिनी, मला नका शिकवू. लई बाया पाह्यल्यात म्या. तोंड बघा कसं भरलंय! गोड बातमीच हाये." सासूबाई गोंदाच्या लाडवांची तयारी करायच्या. अरिहंत एकदा गिऱ्हाइकाला दाखवता दाखवता झबल्याचं कापड बाजूला ठेवताना मला दिसला. आणि मग पाळी यायची. यायची म्हणजे थांबायचीच नाही, मी पांढरी फटक पडायचे. घरात कुणी मला बोललं नाही गं. फक्त सगळे हळू आवाजात बोलायला लागायचे, कुणी आजारी असल्यासारखे. असं कितीदा तरी झालं.

शेवटी अरिहंत मला मंचरच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी माझ्या पोटाला हात लावण्याआधी गळ्याला लावला. रक्त तपासलं आणि सांगितलं, थायरॉइड मंदावलंय. गळ्यातली एवढीशी गाठ, तिचा रस कमी पडला की सगळं शरीर हळू चालतं. हृदय हळू, पोट हळू, डोकं हळू, आणि दर महिन्याला बीज तयार होऊन सुटायला हवं तेही अडून बसतं. म्हणून पाळी लांबते आणि आली की आवरत नाही. दिवस जात नाहीत ते त्यामुळेच असणार, असं म्हणाल्या. गेले असते तरी सुरुवातीला बाळाला आईच्याच थायरॉइडवर भागवावं लागतं, म्हणून आधी हे ताळ्यावर आणू. एक गोळी लिहून दिली, रोज सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर, चहाच्या तासभर आधी. मी त्यांच्यासमोरच रडले. मला इतकी वर्षं वाटत होतं की मी आळशी झालेय.

गोळीने फरक पडला. धुकं विरळ झालं. त्या फाल्गुनात मी अरिहंतला म्हटलं होतं, अरे, आपल्या गल्लीत कोकीळ आहे! तो म्हणाला, दरवर्षी असतो. आणि नेमकं चैत्रात मी वर्षीतप घेतलं. कुणी जबरदस्ती केली नाही. पालीहून आलेल्या आत्येसासूबाई बोलता बोलता म्हणाल्या की त्यांच्या सुनेला तपानंतर मूल झालं. माझ्या मनाने ते घट्ट धरलं. एक दिवस उपास, एक दिवस दोन वेळा जेवण, पुढच्या वर्षीच्या अक्षय तृतीयेपर्यंत. उपासाच्या दिवशी उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य असेपर्यंत. बाकी तोंडात कण घालायचा नाही. गोळीसुद्धा नाही. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं आमच्या घरात कुणालाच वाटलं नाही. उपास म्हणजे उपास.

आरते, मला ते दिवस फार आवडायचे. दुपारी ऊन फळ्यांच्या फटींतून खाली जायचं, खालून कोऱ्या कापडाचा वास वर यायचा, आणि मी त्या दोन्हींच्या मधे कुठेतरी तरंगत असायचे. रस्त्याने जाताना बायका थांबून मला हात जोडायच्या. मूल नसलेली पन्नालालजींची सून आता तपस्वी होती. श्रावणापर्यंत पाळी पुन्हा गायब झाली, अंगावर पुन्हा शाल आली, झोपही आली. सगळे म्हणाले, तपाचा अशक्तपणा आहे. मीही तेच म्हणाले. डॉक्टरीणबाई मात्र रिपोर्ट बघून बुचकळ्यात पडायच्या आणि गोळी वाढवायच्या. गोळी घेता ना, विचारायच्या. घेते, म्हणायचे मी. घेतच होते की.

दिवाळीआधी अरिहंतला दुकानातून निघता येईना म्हणून सासूबाई माझ्याबरोबर मंचरला आल्या. आमच्या जतनबाई कुठेही गेल्या तरी गप्प बसायच्या नाहीत. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट उघडायच्या आतच अभिमानाने म्हणाल्या, "माझी सून साधीसुधी न्हाई हां, बाई. वर्षीतप चालूये तिचं. एक दिवसाआड नुसतं पाणी!" डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं, "आणि गोळी?" सासूबाईंना प्रश्नच विचित्र वाटला. "उपासाला गोळी कशी घेईल? उपास मोडेल ना!" डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणजे मी एकीकडून वाढवतेय आणि अर्धी घरातच राहतेय." मग माझ्याकडे वळून सांगितलं की रक्तही फार उतरलंय, उपास आता नको, आणि गोळी रोज म्हणजे रोज.

 दवाखान्यातून घरी न येता सासूबाई मला मंचरच्याच जैन स्थानकात घेऊन गेल्या, चातुर्मासाला आलेल्या साध्वींकडे, महासतीजींकडे. महासतीजींनी सगळं ऐकून घेतलं आणि मला एकच विचारलं, तप कशासाठी घेतलं होतंस? मी खरं ते सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, मनात मागणं ठेवून तप करू नये, त्याला नियाणा म्हणतात. आधी शरीर सांभाळ. तप कुठे पळून जात नाही, मनात काही मागायचं उरणार नाही तेव्हा कर. मला हलकं वाटायला हवं होतं. पण मला भयंकर शरम वाटली. या घरात मी कुणीतरी झाले होते ते त्या उपासांमुळे, आणि आता पुन्हा नुसती मूल नसलेली सून होणार होते.

कार्तिकापासून मी रोज जेवते आणि रोज गोळी घेते. वाढवलेली गोळी डॉक्टरीणबाईंनी लगेच कमी केली. सासूबाई बरेच दिवस शेजारीपाजारीही गेल्या नाहीत. पालीपर्यंत सगळ्यांना सांगून झालं होतं ना! मग एकदा वाल सोलता सोलता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी तुला तप कर म्हटलं न्हवतं. पण थांब बी म्हटलं न्हाई. लोक हात जोडायचे, मला लई चांगलं वाटायचं." मी त्यांच्या पुढ्यातली टोपली माझ्याकडे ओढली आणि आम्ही दोघींनी मिळून वाल संपवले.

आणि मागच्या आठवड्यात मी बाजूला बसले. आरते, वेळेवर! गेल्या महिन्यात आली होती आणि या महिन्यात पुन्हा आली, शहाण्या मुलीसारखी, तेवढीच जेवढी यावी. अरिहंत वर आला, मला कोपऱ्यात पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. बिचाऱ्याला सवयच तशी. मी हसत सुटले. त्याला सांगितलं, अरे, ही बातमी वाईट नाही, आपल्या घरात पहिल्यांदाच चांगली आहे. सासूबाईंनी ताट आणलं, दारातूनच विचारलं, "वेळेवर आली?" मी मान हलवली. संध्याकाळी त्यांनी शिरा केला. पाळी आली म्हणून शिरा, असं आमच्या घराण्यात कधी झालं नसेल. मूल होईल की नाही ते मला माहीत नाही. डॉक्टरीणबाईही शब्द देत नाहीत. पण मी जागी आहे, आणि मला ते हवंय, तेही आता अगदी जागेपणी.

आता पत्राचं खरं कारण. वर्षीतपाचं पारणं उसाच्या रसाने करतात म्हणून तुझ्या वडिलांनी, हौशीरामकाकांनी, माझ्यासाठी बांधाकडेच्या चार सऱ्या राखून ठेवल्यात, असं काल मला माझ्या आईकडून कळलं. ऊसतोडीची टोळी आली तरी त्याला कोयता लावू द्यायचा नाही, रिंकूच्या पारण्याचा ऊस आहे, असं ते सगळ्यांना बजावून सांगतात म्हणे. मला ते ऐकून काल जेवण गेलं नाही. पारणं होणार नाहीये गं. त्यांना हे मी कोणत्या तोंडाने सांगू? तुझ्या सासरहून, मढहून, तुलाच त्यांना फोन करावा लागेल. म्हणावं, ऊस तोडून कारखान्याला घाला, रिंकूने तप अर्ध्यावर सोडलं. त्यांनी कारण विचारलं तर सगळं सांग, पाळीसकट. लाजू नकोस, मी आता लाजत नाही. आणि त्यांनी वाईट वाटून घेतलं, तर एवढं सांग, दोन ऊस तेवढे रिंकूसाठी बाजूला ठेवा. ती येणार आहे. मुहूर्त बघून नाही, भूक लागेल तेव्हा.

तुझीच,
रिंकू