मधला मोठा चौकोन

३ तारीख, मंगळवार, सकाळ
वेबसाइटवरच्या एका चित्राचा आजवरचा खर्च: नऊ दिवस, व्हाइटबोर्डच्या दोन्ही बाजू आणि डिझायनरचं माझ्याशी नीट बोलणं. चित्र अजून नाहीच.
आम्ही दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर करतो. सात दवाखान्यांचं काम आम्हाला की दुसऱ्यांना, ते सोमवारी ठरणार. त्यांचा सल्लागार म्हणाला, तुमची सिस्टिम आतून कशी चालते ते वेबसाइटवर स्वच्छ दाखवा, मग बघू.
आता मीच काढतो. या सिस्टिमची पहिली ओळ मी लिहिली आहे. डोळे मिटून काढीन.

४ तारीख
काढलं. (डोळे उघडे ठेवून.) मध्ये मोठा चौकोन, मुख्य सर्व्हर. सगळे बाण त्याच्याकडे. आमची मुख्य प्रोग्रॅमर म्हणाली, पण सर... मी म्हटलं, पण-बिण नंतर. हिचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू होतं. मनातल्या मनात मी तिला पणबाई म्हणतो.

५ तारीख
डिझायनरने विचारलं, यात पेशंट कुठून येतो? मी म्हटलं, घरून. हसला नाही. एकूण चौकोन तेवीस. संकल्प: सातच्या वर एकही नाही.

६ तारीख, दुपार
सामान्य माणसाला कळतं का बघावं म्हणून बायकोला दाखवलं. म्हणाली, अहो, प्लंबरचा कागद तुमच्याकडे कसा राहिला?
सामान्य माणसाला विचारणं बंद.

७ तारीख
सातच चौकोन! पणबाई पुन्हा: पण सर, तो मधला... मी म्हटलं, रंग खटकतोय ना? निळा केला. तिने कपाळाला हात लावला. कलेतलं कळत नाही तिला.
पान वेबसाइटवर चढवलं. वर ठळक ओळ: सिस्टिम घडवणाऱ्याच्या हातचं चित्र.

८ तारीख
रविवार. पान अकरा वेळा उघडून पाहिलं. दरवेळी आवडलं.

९ तारीख, सोमवार
सल्लागाराचा फोन. पान अगदी सुटसुटीत आहे म्हणाला. सगळ्यांनी ऐकावं म्हणून मी स्पीकर लावला. मग म्हणाला, पण सातही दवाखाने एकाच सर्व्हरच्या गळ्यात बांधलेत, तो पडला की सगळं ठप्प. सकाळीच दुसऱ्यांबरोबर सही केली.
मी स्पीकर बंद केला.
पणबाईला म्हटलं, बोल आता, काय ते. म्हणाली, सर, तो सर्व्हर आपण दीड वर्षापूर्वीच बंद केला. काम आता चार ठिकाणी वाटलंय, एक पडलं तरी तीन चालतात. तुम्हाला विचारूनच केलं होतं.
तेव्हाची मेल काढून पाहिली. खाली माझं उत्तर आहे: ओके.